उझबेकिस्तानचे आठ दिवस : ताश्कंद, खीवा, बुखारा, समरकंद आणि खिशातले सुटे सोम

कार्यक्रमपत्रिकेत ‘दिवस चौथा : खीवा ते बुखारा, मुक्काम बुखारा’ एवढी एकच ओळ छापलेली असते. त्या ओळीच्या पोटात साडेचारशे किलोमीटरचं वाळवंट, बसमधले आठ तास आणि नाक मुठीत धरून जावं लागेल अशी दोन स्वच्छतागृहं असतात. उझबेकिस्तानची ग्रुप टूर अवघड मुळीच नाही. पण ती सुखाची होते की नाही, हे मिनार-घुमटांपेक्षा या छापील ओळींच्या मधल्या जागेत ठरतं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातल्या सहलीचा हा दिवसवार वृत्तांत मुख्यतः त्या जागांसाठी.

निघण्यापूर्वीचं थोडक्यात. भारतीय पासपोर्टला ई-व्हिसा लागतो. एका प्रवेशाचा २० डॉलर, मुक्काम ३० दिवसांपर्यंत. टूरवाले तो काढून देतात, पण हातात आल्यावर पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघावं. घोळ होतो तो नावातच. आपल्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन नावं असतात. फॉर्म भरणारा दुसरं नाव गाळतो आणि तीच चूक पुढे रेल्वेच्या तिकिटावर उतरते. बुकिंगनंतर पासपोर्टचं नूतनीकरण केलं असेल, तर नवा क्रमांक टूरवाल्यांना लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं.

डॉलर करकरीत हवेत. पेनाची रेघ, बँकेचा शिक्का, कोपऱ्याला चीर, यातलं काहीही असलं तर काउंटरवरची बाई नोट शांतपणे परत सरकवते. शंभराच्या नोटा निळ्या पट्टीच्याच घ्या. औषधांबाबत हा देश कडक आहे : कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रामाडोल घरीच ठेवावं. झोपेची किंवा मनोविकाराची गोळी रोज लागत असेल, तर डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी घ्यायची आणि कस्टम्सला आपणहून सांगायचं. ड्रोन तर नेऊच नका, आणायला बंदी आहे.

दिवस १ : ताश्कंद

घड्याळ अर्धा तास मागे करायचं, इतकंच अंतर. विमानतळावर बँकेचा दर शहरातल्यासारखाच असतो, त्यामुळे ५० ते १०० डॉलर तिथेच बदलून घ्यायला हरकत नाही. एका डॉलरला बारा हजारांच्या आसपास सोम मिळतात आणि माणूस क्षणात लक्षाधीश होतो. हिशेबाला सोपी युक्ती : शेवटची तीन शून्यं झाका आणि सातने गुणा. दहा हजार सोम म्हणजे सत्तर रुपये. बदलतानाच पाच-दहा हजारांच्या नोटा मागून घ्याव्यात. स्वच्छतागृहाच्या दाराशी बसलेल्या आजीबाई दोन-तीन हजार घेतात आणि दोन लाखांची नोट दाखवली की हसतात.

सिमकार्ड पासपोर्टवर पंधरा मिनिटांत मिळतं. सोबत यांडेक्स गो हे टॅक्सीचं ॲप उतरवून घ्यावं. मोकळ्या संध्याकाळी गाइडवर अवलंबून राहावं लागत नाही आणि भाड्याची घासाघीसही टळते. रस्त्यावर दिसतील त्या गाड्या बहुतेक पांढऱ्या आणि बहुतेक शेवरले. त्या इथेच, असाका गावच्या कारखान्यात बनतात. अधूनमधून आपल्याकडून केव्हाच निवृत्त झालेली मॅटिझ दिसते आणि गटातल्या कुणाला तरी आपली पहिली गाडी आठवते.

पहिलं जेवण बहुधा प्लोवचं. उझबेकी त्याला ‘ओश’ म्हणतात आणि तो दुपारचाच पदार्थ. अंघोळीला बसता येईल एवढ्या कढया सकाळी चुलीवर चढतात आणि दोन वाजेपर्यंत तळ दिसू लागतो, म्हणून साडेबाराच्या आत पोचावं. तांदूळ, पिवळं-केशरी गाजर, कांदा, मटण, जिरं आणि वाट्याभर नव्हे, तांब्याभर तेल. ते तेल पुष्कळदा सरकीचं आणि त्यात मेंढीच्या शेपटीची चरबी, ‘दुंबा’. आपल्या पोटाला ही चरबी सवयीची नाही. भरपेट प्लोववर बर्फाचं थंड पेय घेतलेल्यांची दुसऱ्या दिवशीची सकाळ हॉटेलातच जाते. शेजारच्या टेबलावरचे लोक त्यावर गरम हिरवा चहा का पितात, हे तेव्हा कळतं.

मांसाहारींनी इथे तीन शब्द पाठ करावेत : ‘क्यूय’ मेंढीचं, ‘मोल’ गाईबैलांचं, ‘तोवुक’ कोंबडीचं. ताश्कंदच्या प्लोववर वरून ठेवलेल्या गडद, गोल चकत्या ‘काझी’च्या, म्हणजे घोड्याच्या मांसाच्या असतात. न विचारता ताटात येतात, आणि खाऊन झाल्यावर विचारणाऱ्यांची संख्या कमी नसते.

दिवस २ : ताश्कंद

सकाळी शास्त्रीजींच्या पुतळ्यापाशी गट थांबला. १० जानेवारी १९६६ रोजी ताश्कंद करारावर सह्या झाल्या आणि त्याच रात्री, म्हणजे ११ तारखेला पहाटेआधी, लालबहादूर शास्त्री इथे गेले. त्यांच्या नावाचा रस्ता आणि अर्धपुतळा आहे. हे ठिकाण प्रत्येक टूरच्या यादीत नसतं. हवं असेल तर आदल्या रात्रीच सांगावं लागतं, कारण बसचा मार्ग त्यावर ठरतो. फुलं वाटेत मिळतात, पण हारबीर नाही. सुटी फुलंच घ्यायची आणि ती सम संख्येत. सम संख्या सोव्हिएत वळणाच्या देशांत मृतांसाठी राखलेली, तेव्हा इथे स्मारकाला चार किंवा सहा चालतील. कुणाच्या घरी न्यायची असतील तर पाच.

त्याच वर्षी २६ एप्रिलला पहाटे ५ वाजून २३ मिनिटांनी भूकंप झाला आणि जुन्या शहराचा मोठा भाग बसला. भूकंपाच्या स्मारकातल्या काळ्या दगडावरच्या घड्याळात तीच वेळ कोरली आहे आणि चीर तिथूनच सुरू होते. आज दिसणारे रुंद रस्ते आणि झाडांच्या रांगा त्यानंतरच्या. मेट्रोही : १९७७ साली सुरू झालेली, मध्य आशियातली पहिली. २०१८ पर्यंत आत फोटो काढायला मनाई होती, आता मोकळीक आहे. ‘कोस्मोनावतलार’ स्थानकाच्या निळ्या भिंतींवर गागारीन आणि तेरेश्कोवा हे अंतराळवीर तरंगतात. ‘पाख्ताकोर’ म्हणजे कापूस पिकवणारे, तिथे भिंतीवर मोझेकची बोंडं आहेत. गटाने मेट्रोत जाताना दोन दारांत विभागून चढावं. दारं थांबत नाहीत, आणि चोवीस जण एका दारातून घुसले की दोन-तीन जण फलाटावर राहतातच. तसं झालं तर मागे राहिलेल्यांनी जागा सोडायची नाही आणि पुढे गेलेल्यांनी पुढच्याच स्थानकावर उतरून थांबायचं. हे आधी ठरलं असेल तर पाच मिनिटांत निभावतं.

चोरसू बाजाराचा निळा घुमट मोठा आहे, आत शिरताच मांसाचा विभाग लागतो. ज्यांना वास सोसत नाही, त्यांनी बाहेरच्या मांडवांतून भाजी-फळांकडे वळावं. सोमवारी बरेचसे गाळे बंद असतात. इथेच शाकाहारींची पहिली फसगत होते. आपल्याला वाटतं ‘सब्जी’ म्हटलं की भाजी कळेल. उझबेकीत ‘सब्जी’ म्हणजे गाजर. कांद्याला मात्र ‘पियोझ’, तो बरोबर कळतो. पांढऱ्या मडक्यातलं ‘सुझमा’ चाखून बघा. तो चक्काच आहे, साखर-वेलची घातली की श्रीखंड. शेजारच्या पांढऱ्या गोळ्या ‘कुर्त’च्या, वाळवलेल्या खारट दह्याच्या. पेढा समजून अख्खी तोंडात टाकणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

दिवस ३ : उरगेंच, खीवा

पहाटेचं विमान, दीड तासाच्या आसपास उरगेंच, तिथून तीस-पस्तीस किलोमीटरवर खीवा. देशांतर्गत तिकिटावरची सामानाची मर्यादा आंतरराष्ट्रीयपेक्षा कमी असू शकते, म्हणून बॅग मुंबईतच वजन करून भरलेली बरी. पहाटे हॉटेलचा नाश्ता मिळत नाही, डबा मिळतो : उकडलेलं अंडं, काकडी, ब्रेड, सफरचंद.

खीवाच्या आतल्या गावाला ‘इचान काला’ म्हणतात. सव्वादोन किलोमीटर लांबीची, दहा मीटर उंचीची मातीची तटबंदी. १९९० मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेलं हे उझबेकिस्तानातलं पहिलं ठिकाण. बस तटाच्या बाहेरच थांबते. मुक्काम आत असेल तर दगडी रस्त्यावरून तीन-चारशे मीटर बॅग ओढावी लागते. लहान चाकांच्या बॅगा इथे दम तोडतात आणि जुन्या घरांच्या हॉटेलांत लिफ्ट नसते. गुडघे दुखणाऱ्यांनी तळमजल्याची खोली बुकिंगच्या वेळीच मागायची. तिथे पोचल्यावर मागून मिळत नाही, कारण तळमजल्यावर चारच खोल्या असतात.

पश्चिम दरवाजाबाहेर गणिती अल्-ख्वारिझ्मीचा पुतळा बसलेला आहे. त्याच्या नावावरून ‘अल्गोरिदम’ शब्द आला, हे सांगितल्यावर गटातली आयटीवाली मंडळी रांगेने फोटो काढून घेतात. आत शिरताच ‘काल्ता मिनोर’, पिंपासारखा जाडजूड, फिरोजी रंगाचा अपुरा मिनार. काम १८५१ मध्ये सुरू झालं आणि १८५५ मध्ये खान युद्धात मारला गेल्यावर थांबलं ते थांबलंच. जुम्मा मशिदीत दोनशेहून अधिक लाकडी खांब आहेत, एकाचं कोरीव काम दुसऱ्यासारखं नाही; काही खांब हजार वर्षांचे. छताच्या झरोक्यातून उजेड येतो तो सकाळी साडेदहा-अकराला चांगला. फोटोसाठी त्या वेळेचा आग्रह धरावा. इस्लाम खोजा मिनारावर चढण्याचा मोह टाळलेला बरा : शंभराहून जास्त पायऱ्या, गुडघाभर उंच, अरुंद आणि अंधाऱ्या, आणि वरून येणाऱ्याला वाट देताना भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. त्यापेक्षा कुन्या आर्क या जुन्या गढीच्या बुरुजावरून सूर्यास्त बघा. तिकीट वेगळं आहे आणि गर्दी सूर्यास्ताआधी अर्धा तास सुरू होते.

खीवात हमखास शाकाहारी असं फार कमी. बडीशेपेच्या जातीच्या शेपूच्या रसात कणीक मळून केलेल्या हिरव्या शेवया, ‘शिवित ओशी’, दिसायला सुरेख. वर मांसाचा रस्सा घालतात. ‘गोश्तसिझ’, म्हणजे मांसाशिवाय, असं सांगितलं तर शेवया आणि दही वेगळं देतात. ‘तुखुम बराक’ हे अंड्याचं सारण भरलेले पापुद्रे, अंडं खाणाऱ्यांसाठी उत्तम.

दिवस ४ : खीवा ते बुखारा, किझिलकुम

हा दिवस टूरचा कणा मोडतो किंवा जमवतो. सकाळी आठच्या आत निघायला हवं, कारण उरगेंचनंतरचा सुरुवातीचा रस्ता खराब आणि शेवटचा टप्पा अंधारात नको. आमूदर्या ओलांडताना गाडी थांबवायला सांगा. नदी रुंद आहे, पण गढूळ आणि थकलेली. हिचं आणि सीरदर्याचं पाणी कापसाकडे वळवलं आणि अरल समुद्र आटला. ऑक्टोबरमध्ये दोन्ही बाजूंना बोंडं फुटलेली असतात, वेचणी चालू असते. विदर्भ-मराठवाड्यातल्या मंडळींना दृश्य ओळखीचं, फक्त कडेला बाभळीऐवजी तुतीची रांग. हॉटेलातल्या निळ्या-पांढऱ्या चहाच्या भांड्यांवरचं सोनेरी काठाचं फूल नीट बघितलं तर तेही कापसाचं बोंडच आहे.

त्यानंतर चार-पाच तास किझिलकुम, ‘लाल वाळू’. लाल फारशी नाही, करडी झुडपं आणि सपाटी. पुढे सिमेंटचा रस्ता लागला की बस पळते. वाटेतल्या चहाखान्यांत शाश्लिक म्हणजे सळईवर भाजलेलं मांस, समसा म्हणजे भट्टीत भाजलेला सामोसा, आणि चहा. ‘व्हेजिटेबल सूप’ म्हणून जे येतं ते हाडांच्या पाण्यात उकळलेलं असतं, भाज्या दिसतात म्हणून फसू नये. भोपळ्याचा समसा खरोखर गोड लागतो, पण त्यातही दुंब्याचे तुकडे घालायची पद्धत आहे. भट्टीत जाण्यापूर्वी विचारलं तर कळतं, नंतर नाही. तेव्हा या एका दिवसासाठी घरून दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, मेतकूट आणि भडंग आणलेलं असावं. बाकी सात दिवस ते बॅगेत पडून राहिलं तरी चालेल.

पाणी माणशी दोन लिटर. हवा इतकी कोरडी की तहान लागत नाही, ओठ फुटतात आणि संध्याकाळी डोकं दुखतं, तेव्हा लक्षात येतं की दिवसभरात अर्धीच बाटली संपली. स्वच्छतागृहं बसकी, पाण्याची सोय बेभरवशाची. रिकामी अर्धा लिटरची बाटली आणि टिश्यू प्रत्येकाच्या हातपिशवीत हवेत. लहान गटाची गाडी गॅसवर चालणारी असेल तर मिथेन भरताना सगळ्यांना खाली उतरवतात आणि गाडी आत जाते. पाच मिनिटं धरलेला थांबा रांगेमुळे अर्ध्या तासाचा होतो.

चालकाला सगळे ‘आका’ म्हणतात. मराठी कानाला ‘अक्का’ वाटून हसू येतं, पण उझबेकीत आका म्हणजे थोरला भाऊ, बाईमाणसाला ‘ओपा’. ‘रहमत, आका’ म्हटलं की स्वारी उजवा हात छातीवर ठेवून मान लववते. गाइड आणि चालकाची टिप बहुतेक टूरमध्ये माणशी दिवसाच्या हिशेबाने आधीच गोळा होते. ती झाली आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या, म्हणजे शेवटच्या दिवशी पाकिटं फिरत नाहीत.

दिवस ५ : बुखारा

बुखारा पायी बघायचं शहर. लाब-ई-हौज या जुन्या हौदाच्या पायऱ्यांपाशी जुनी तुतीची झाडं आहेत, त्यांपैकी काहींचं वय पंधराव्या शतकापर्यंत मागे नेतात. शहरात असे पुष्कळ हौद होते आणि लोक तेच पाणी पीत, त्यातून नारूची साथ कायमची ठाण मांडून होती. नारू आपल्याकडच्या जुन्या पिढीलाही ठाऊक आहे. सोव्हिएत काळात बहुतेक हौद बुजवले गेले. आजही नळाचं पाणी खारट आणि पिण्यालायक नाही. दातांनाही बाटलीचंच वापरा.

घुमटाखालचे तीन जुने बाजार ओळखीच्या शब्दांचे निघतात. ‘तोकी सर्राफोन’ म्हणजे आपल्या सराफांचा, नाणी बदलून देणाऱ्यांचा. मुलतानकडचे हिंदुस्थानी सावकार या शहरात पूर्वी पेढ्या टाकून होते. ‘तोकी झरगारोन’ सोनारांचा आणि ‘तेलपाक फुरुशोन’ टोप्या विकणाऱ्यांचा. आता तिन्हीकडे सुझानी म्हणजे भरतकामाची कापडं, इकत, गालिचे आणि करकोच्याच्या आकाराच्या कात्र्या. चोच म्हणजे पाती, आणि धार खरी असते. कात्री चेक-इन बॅगेतच टाका. दरवर्षी पुष्कळ करकोचे विमानतळावरच उतरतात. सांगितलेल्या किमतीच्या साठ-सत्तर टक्क्यांवर सौदा तुटतो, पण पहिल्या गिऱ्हाइकाला सकाळी जास्त सोडतात. ‘जुनं आहे, आजीच्या वेळचं’ असं दुकानदार सांगू लागला तर हात आखडता घ्या. पन्नास वर्षांहून जुन्या वस्तूला देशाबाहेर न्यायला सरकारी प्रमाणपत्र लागतं. नवं असेल तर पावतीवर तसं लिहून घ्यायचं.

कालान मिनार ११२७ सालचा, ४५ मीटरच्या वर. १२२० मध्ये चंगेझखानाने शहर जाळलं, हा राहिला. दुपारी चौक तापतो आणि सावली फक्त मिनारापुरती; तिथे जायची वेळ सकाळी सात किंवा रात्री नऊ. गटाची बस साडेनऊला निघते, म्हणजे हॉटेल जुन्या शहरात असेल तर नाश्त्याआधी एक तास फुकट हातात असतो. सकाळी सातला झाडूवाल्या बाया, पाव नेणारी सायकल आणि तुम्ही, एवढेच चौकात असतात. सामानी राजांची कबर बघायला गाइड शेवटी नेतो, तेव्हा मंडळी दमलेली असतात. तिला खरं तर सकाळचं तिरपं ऊन हवं. दहाव्या शतकातली नुसत्या भाजक्या विटांची इमारत, रंग नाही, टाइल नाही. विटाच आडव्या, उभ्या, तिरक्या रचून टोपलीसारखी वीण काढली आहे, आणि ती वीण सावलीतच दिसते.

दिवस ६ : बुखारा ते समरकंद

बुखाराचं रेल्वे स्टेशन बुखाऱ्यात नाही, काही किलोमीटरवरच्या कागानमध्ये आहे. अफ्रोसियोब ही वेगवान गाडी स्पॅनिश बनावटीची. ताश्कंद-समरकंद मार्गावर २०११ पासून, बुखाऱ्यापर्यंत २०१६ पासून. स्टेशनच्या फाटकावरच पासपोर्ट आणि तिकीट ताडतात, मग सामान यंत्रातून. गाडीच्या आधी चाळीस मिनिटं पोचणं म्हणजे वेळेवर पोचणं. हमाल नाहीत. मोठ्या बॅगा ठेवायची जागा डब्याच्या टोकाला आणि थोडी. जे आधी चढतात त्यांच्या बॅगा राहतात, उरलेल्यांच्या पायाशी. गटातल्या दोन धट्ट्याकट्ट्यांनी आधी चढून बॅगा ओढून घ्यायच्या आणि बाकीच्यांनी खालून द्यायच्या, ही पद्धत सर्वांत कमी भांडणाची. तिकिटं सीझनमध्ये विक्री उघडताच संपतात. ती न मिळाल्यास ‘शार्क’ ही साधी गाडी मिळते, वेळ जास्त पण खिडक्या मोठ्या. याला फसवणूक समजून वाद घालण्यात अर्थ नाही, फक्त भाड्याचा फरक विचारावा.

संध्याकाळी रेगिस्तान, समरकंदचा मोठा चौक. तीन मदरसे : उलुगबेगचा १४२० चा, समोर शेर-दोर १६३६ चा, मध्ये तिल्ला-कोरी १६६० चा. शेर-दोरच्या कमानीवर वाघासारखे सिंह हरणामागे धावतात आणि त्यांच्या पाठीवर माणसाच्या चेहऱ्याचा सूर्य आहे. मदरशावर असं चित्र असणं नवलाचंच. चौकात नव्या नवरा-नवरीचे फोटो चालू असतात आणि खेड्यातून आलेल्या, सोन्याचे दात असलेल्या आज्या साडी बघून हात धरतात : ‘हिंदिस्तोन?’ पुढचा शब्द राज कपूर किंवा मिथुन. एकेका साडीमागे वीस मिनिटं जातात. गाइडला वेळापत्रकात ती धरायला सांगावं.

दिवस ७ : समरकंद

गूर-ए-अमीरमध्ये तैमूरच्या थडग्यावर जवळजवळ काळा वाटणारा हिरवा जेड दगड आहे. दोन पावलं बाजूला होऊन उजेड पडू दिला की हिरवा कळतो. त्याच्याच शेजारी नातू उलुगबेग. त्याची वेधशाळा टेकडीवर. उरलाय तो जमिनीत खोदलेला वेधयंत्राचा कमानदार तुकडा, १९०८ मध्ये सापडलेला. मूळ त्रिज्या ४० मीटरच्या घरातली. १०१८ ताऱ्यांची त्याची यादी सवाई जयसिंगापर्यंत पोचली होती, म्हणजे जंतरमंतर बघितलेल्याला ही जागा परकी वाटू नये.

शाह-ए-झिंदा या कबरींच्या गल्लीला सुरुवातीलाच उंच जिना. चढताना आणि उतरताना पायऱ्या मोजायच्या, आकडा जुळला तर पापं फिटली. आकडा जुळत नाही, कारण मध्येच दम लागून मोजणी चुकते. बायकांनी डोक्यावर ओढणी घ्यायची, सगळ्यांनी खांदे झाकलेले. ज्यांना जिना नको त्यांनी वरच्या दफनभूमीच्या बाजूने प्रवेश आहे का, हे गाइडला विचारावं. बहुधा तो सोय करतो.

सियोब बाजारात सुकामेवा चांगला, पण ‘केशर’ म्हणून दाखवलेली लाल-केशरी पिशवी मराठी माणसाने दोन बोटांत धरून बघावी. त्या करडईच्या पाकळ्या असतात. लांबट खरबुजं याच हंगामातली. हिंदुस्थानात आल्यावर बाबर ज्यासाठी झुरला ती हीच चव. कापून दिलेली फोड नको, अख्खं घेऊन हॉटेलात कापा.

बाजाराशेजारी तंदूर बघायला मिळाला तर घाई करू नका. कणकेचा जाड गोळा हाताने थापतात, कड फुगीर आणि मध्य चेपलेला. मग ‘चेकिच’ घेतात, लाकडी दांड्याला गोलात बसवलेल्या खिळ्यांचा शिक्का. तो मध्यात दाबला की नक्षी उमटते, पण खरं काम नक्षीचं नाही. त्या भोकांतून वाफ जाते, म्हणून मध्य फुगत नाही आणि कड फुगते. मागच्या बाजूला पाण्याचा हात फिरवून पाव उशीसारख्या ‘रापिदा’वर ठेवतात आणि भट्टेकरी खांद्यापर्यंत हात आत घालून भिंतीला चिकटवतो. समरकंदचा नान जड, चकचकीत आणि बरेच दिवस टिकणारा. तो सुरीने कापत नाहीत, हाताने मोडतात. उलटा ठेवणं अपशकुनाचं.

रात्रीच्या चहाचंही असंच. पहिला चहा पेल्यात ओतून पुन्हा किटलीत, असं तीनदा. मग पेला अर्धाच भरून देतात. अर्धा म्हणजे ‘बसा, पुन्हा भरू’. काठोकाठ भरलेला मिळाला तर निघायची वेळ झाली. शाकाहारींसाठी शेवटची खबर : ‘मोश किचिरी’ म्हणजे मुगाची खिचडीच, नावासकट. पण तीही चरबी-मांसात शिजवतात, आधी सांगितलं तरच वेगळी होते.

दिवस ८ : समरकंद ते ताश्कंद, परतीचं विमान

ताश्कंदला दोन मोठी स्टेशनं आहेत, उत्तर आणि दक्षिण. बस कुठल्या बाहेर उभी राहणार, हे गाडीत बसण्यापूर्वी पक्कं करावं. समरकंद-ताश्कंद ३४४ किलोमीटर, सव्वादोन तास. रात्रीचं विमान असेल तर संध्याकाळची शेवटची गाडी धरू नये, दुपारचीच बरी. गाडी चुकली तर रस्त्याने साडेचार-पाच तास लागतात.

हॉटेलांनी दिलेल्या नोंदणीच्या चिठ्ठ्या पासपोर्टातच ठेवा. हल्ली नोंद संगणकावर होते आणि कुणी विचारत नाही, पण एखाद्या रात्री मुक्काम घरगुती ठिकाणी झाला असेल तर ती नोंद झाली होती ना, हे तिथेच बघायचं असतं. उरलेले सोम विमानतळावर खर्चून टाका. मुंबईत ते कुणी घेत नाही. खडीसाखरेच्या पिवळ्या काड्या, ‘नव्वोत’, हलक्या आणि वाटायला सोप्या.

नान आणला असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत नको, बुरशी धरते. कापडात गुंडाळून हातसामानात. घरी खायच्या वेळी दोन्ही बाजूंनी पाण्याचा हबका मारायचा, तवा मंद तापवून वर झाकण ठेवायचं आणि चार-पाच मिनिटांनी काढायचा. कड पुन्हा मऊ होते. नक्षीची बाजू वर.